मावशी नर्स कधी होणार?

"सिस्टर, नऊ नंबरच्या बाबांची पिशवी भरंना झालीया."

२०११ सालची गोष्ट. एका जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये पुरुष मेडिकल वॉर्डात मी विद्यार्थिनींना घेऊन होते. सकाळची पाळी. नऊ नंबरवर सत्तरीचे गृहस्थ, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घातलेली. चार्ट काढून पाहिला तर दुसऱ्या वर्षाच्या मुलीने दर दोन तासांनी सुबक अक्षरात लघवीचं माप लिहिलं होतं. १५०, १५०, १४०. पिशवीत मात्र तळाला घोटभरही नव्हतं. मुलीने आधीच्या पाळीचे आकडे बघून पुढचे आपले बसवून दिले होते. चादर बाजूला करून ओटीपोटावर हात ठेवला तर ते टम्म. नळी मांडीखाली दुमडून दबली होती. ती सरळ केली आणि पिशवी भरायला लागली.

मुलीला मी जे बोलायचं ते बोलले, पण लक्षात राहिल्या त्या सांगायला आलेल्या मावशी. पिशवी रिकामी करायचं काम त्यांचं, म्हणून रिकामी करायला काहीच नाही हे त्यांनाच कळलं. शिवाय बाबा सकाळपासून सारखी कूस बदलतायत, पोटावरचा हात काढत नाहीत, हेही त्यांनी पाहिलं होतं. याला आम्ही वर्गात ऑब्झर्व्हेशन म्हणतो आणि त्यावर तास घेतो.

दुपारी जेवणाचा डबा उघडताना त्यांनी विचारलं, "सिस्टर, मला हे नर्सिंग शिकता येईल का हो?" चतुर्थ श्रेणीत अकरा वर्षं नोकरी, बारावी आर्ट्स झालेली, वय ३७. मी म्हटलं, मावशी, जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, पस्तीसपर्यंतच घेतात. त्या म्हणाल्या, "मग दोन वर्षांखाली इचारायला पायजे हुतं." आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता स्वतःच पुढे म्हणाल्या, "तवाबी काय जमलं नसतं म्हणा. तीन वरसं पगाराबिगर घर कोण चालवणार?"

दोन वाक्यांत त्यांनी सगळा प्रश्न मांडला. वयाची अट ही एक भिंत, आणि ती ओलांडली तरी पलीकडे दुसरी, पगाराची. या लेखात मला त्या दुसऱ्या भिंतीबद्दल जास्त बोलायचं आहे, कारण पहिली एका शासकीय कागदाने पडू शकते.

आपल्याकडच्या इस्पितळात सगळ्या आया 'मावशी' असतात आणि सगळे वॉर्डबॉय 'मामा'. माझ्याहून दहा वर्षांनी लहान बाईला मी उभ्या नोकरीत मावशी म्हणत आले. नात्याच्या शब्दाने जवळीक होते हे खरं, पण त्यानेच ती बाई जिथे आहे तिथे पक्की बसते. मावशी कधी सिस्टर होत नाही.

मला खरोखरची मावशी म्हणणारी माझी भाची इंग्लंडमध्ये आहे. बी.कॉम. झालेली, नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिने तिथल्या एका सरकारी इस्पितळात हेल्थकेअर असिस्टंटची नोकरी धरली. म्हणजे आपल्या भाषेत मावशीचीच, अंग पुसणं, भरवणं, बेडपॅन, कूस बदलणं. गावाकडे हे कळल्यावर तिच्या सासूबाईंना दोन दिवस जेवण गेलं नाही, तो विषय वेगळा. पुढे ३९ व्या वर्षी तिने तिथेच नर्सिंगची डिग्री अप्रेंटिसशिप घेतली. मी निवृत्तीनंतर चार महिने तिच्याकडे राहून आले, तेव्हा ती तिसऱ्या वर्षाला होती.

अप्रेंटिस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एसटीच्या वर्कशॉपमधला, हाताला ग्रीस लागलेला आयटीआयचा मुलगा येतो. इंग्लंडमध्ये २०१७ पासून रजिस्टर्ड नर्स तशी होता येतं. बाई इस्पितळाची नोकर राहते, पगार चालू राहतो, आणि त्या नोकरीतूनच ती आठवड्यातला काही वेळ विद्यापीठात आणि काही वेळ वेगवेगळ्या वॉर्डांत विद्यार्थिनी म्हणून जाते. नेहमीचा कोर्स तीन वर्षांचा, हा साधारण चार वर्षांचा. वयाला वरची मर्यादा नाही. परदेशातून आलेल्यांना मात्र आधी तीन वर्षं तिथे रीतसर वास्तव्य लागतं, त्यासाठी भाची थांबली होती.

फी तिने भरली नाही. ज्या मालकांचं वर्षाचं पगारबिल ३० लाख पौंडांच्या वर आहे त्यांच्याकडून तिथे अर्धा टक्का अप्रेंटिसशिप कर घेतात, त्यातून ती गेली. याच सुमारास, म्हणजे २०१७ लाच, इंग्लंडने नव्या नर्सिंग विद्यार्थ्यांना मिळणारी बर्सरी, म्हणजे सरकारी शिक्षणमदत, बंद करून फीसाठी कर्ज काढायला लावलं होतं. त्यात सर्वांत जास्त गळाले ते मोठ्या वयाचे अर्जदार. अठराव्या वर्षी माणूस कर्जाला भीत नाही. पस्तिशीत घराचा हप्ता आणि पोराची शाळा पाठीशी असते. २०२० पासून वर्षाला ५००० पौंडांची मदत पुन्हा सुरू करावी लागली. एका हाताने दार लावायचं आणि दुसऱ्याने खिडकी उघडायची, सरकारं सगळीकडची सारखीच.

आता कबूल करते. काम करत करत नर्सिंग शिकणं या कल्पनेला मी नोकरीभर विरोध करत आले आणि त्याला कारण आहे. मी स्वतः तशीच शिकले. १९८२ ला जीएनएमला लागले तेव्हा कोर्स साडेतीन वर्षांचा होता. नाव विद्यार्थिनीचं, पण वॉर्ड आमच्याच जिवावर चालायचा. नाइटला पंचेचाळीस पेशंट, एक स्टाफ आणि आम्ही दोघी. पहाटे चारपासून टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घ्यायला सुरुवात, सहाला स्पंजिंग, साडेसातला पुढच्या पाळीला ओव्हर द्यायचा, आणि नऊला फिजिऑलॉजीच्या तासाला बसून डोळे उघडे ठेवायचे. स्टायपेंड म्हणून मिळायचं त्यात साबण आणि एसटीचं भाडं निघायचं. आमच्याकडून जे करून घेतलं गेलं त्याला शिक्षण हा शब्द लावायला आजही माझी जीभ रेटत नाही. मूत्रपिंड कसं काम करतं हे मला खरं कळलं ते पुढे शिकवायला लागल्यावर.

हा रोग जुना आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाची शाळा लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात १८६० ला निघाली. तिथल्या उमेदवार मुली म्हणजे अप्रेंटिसच. राहणं, जेवण, थोडा पगार आणि वॉर्डातलं काम. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं ब्रिटिश इस्पितळांनी या रीतीने स्वस्तात हात मिळवले. म्हणूनच १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे शिक्षण इस्पितळातून उचलून महाविद्यालयात नेलं गेलं, आणि २०१३ पर्यंत नवी नर्स व्हायला पदवी सक्तीची झाली. ते बरोबरच होतं. मग ज्या खड्ड्यातून इतक्या कष्टाने बाहेर आलो त्यातच पुन्हा उतरायचं का, हा माझा प्रश्न होता.

उत्तर मला भाचीच्या स्वयंपाकघरात, फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर मिळालं. त्यावर रंगीत पेनांनी रकाने पाडले होते. हिरवे तास तिच्या जुन्या वॉर्डातल्या असिस्टंटच्या ड्यूटीचे. निळे विद्यापीठाचे. लाल प्लेसमेंटचे, कधी ऑपरेशन थिएटर, कधी घरोघर जाणाऱ्या डिस्ट्रिक्ट नर्सबरोबर. रजिस्ट्रेशनला एकूण ४६०० तास लागतात, निम्मे थिअरीचे, निम्मे प्रॅक्टिकलचे. कॉलेजातून सरळ येणाऱ्या मुलीला जितके, तितकेच हिलाही. आणि लाल तासांत ती वॉर्डाच्या संख्येत धरली जात नाही. ती असो वा नसो, त्या पाळीला लागणारे लोक पूर्ण असले पाहिजेत. हिरव्या तासात इन्चार्ज तिला बेड पुसायला सांगू शकते. लाल तासात ती इन्सुलिन कसं ठरवतात हे शिकायला आलेली असते.

आम्हाला १९८२ ला हा लाल रंग मिळाला नव्हता. काम करत शिकण्यात वाईट काही नव्हतं. कामाच्या आणि शिकण्याच्या तासांमध्ये रेघ कुणी ओढली नव्हती, आणि तिथेच घात झाला.

तिथेही सगळं आलबेल आहे असं समजू नये. तो अर्धा टक्का कर फक्त शिकवण्यासाठी वापरता येतो. बाई विद्यापीठात गेली की तिच्या जागी कुणीतरी हवं, त्याचा पगार त्यातून देता येत नाही. तो इस्पितळाने आपल्या खिशातून घालायचा. त्यामुळे इस्पितळं जागा काढताना हात आखडतात. भाचीच्या ओळखीत दोघी जणी तिच्याइतक्याच हुशार, पण त्यांच्या इस्पितळात जागाच निघाल्या नाहीत. आणि हिवाळ्यात वॉर्ड तुंबला की लाल तासातल्या बाईला "जरा एवढं करतेस का?" असं गोड बोलून हिरव्यात ओढतात. दोनदा तिने केलं, तिसऱ्यांदा मेंटरकडे तक्रार केली. तक्रार करायला जागा होती, हे मी महत्त्वाचं मानते. त्या सरकारच्या २०२३ च्या आराखड्यात २०३१-३२ पर्यंत प्रौढ रुग्णांसाठीच्या नर्सपैकी २८ टक्के या वाटेने आणायचं ठरलं होतं, तेव्हा ते ९ टक्के होते. बदली माणसाच्या पगाराचा प्रश्न सोडवल्याशिवाय ते कसं होणार, मला दिसत नाही.

आपल्याकडे हा विषय काढला की पहिला आक्षेप दर्जाचा येतो. माझ्याच जुन्या सहकारी म्हणतात, "उद्या आया नर्स होणार, मग आम्ही काय करायचं?" त्यातला अर्धा भाग अहंकाराचा आहे, तो सोडून देऊ. उरलेल्या अर्ध्याचं उत्तर सोपं आहे. परीक्षा तीच ठेवा. ब्रिटनमध्ये नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला औषधांच्या हिशेबाची परीक्षा शंभरपैकी शंभर मिळवून पास व्हावी लागते. नव्याण्णव म्हणजे नापास. भाची ओट्याशी उभी राहून, एका हाताने पोळी उलटत, सलाइनचे मिनिटाला किती थेंब याची गणितं तोंडी करायची आणि मी वहीत तपासायची. बी.कॉम.चा उपयोग झाला म्हणायची. आपल्याकडच्या किती नव्या नर्स ती परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाल्या असत्या, ते इथे लिहीत नाही.

दर्जाची काळजी करणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. एकदा तालुक्याच्या गावातल्या पंधरा-वीस खाटांच्या कुठल्याही खासगी दवाखान्यात जाऊन यावं. तिथे पांढऱ्या कोटात जी मुलगी सलाइन लावते तिला सगळे सिस्टर म्हणतात. ती दहावी-बारावी झालेली असते, कुठला तरी सहा महिन्यांचा कोर्स केलेली किंवा तोही नाही. डॉक्टरांनी तिला हाताखाली तयार केलेली असते. नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा आपल्याकडे १९४९ पासून आहे आणि त्यात पात्र नर्स ठेवणं आलंच, पण तपासणीच्या दिवशी कुणाची सर्टिफिकेटं भिंतीवर लागतात हे त्या गावातल्या केमिस्टलासुद्धा माहीत असतं. थोडक्यात, नर्सिंगची अप्रेंटिसशिप महाराष्ट्रात जोरात चालू आहे. तिच्यात फक्त शिक्षण नाही, परीक्षा नाही, नोंदणी नाही आणि पगार नाही. त्या मुलींचा मला राग येत नाही. त्यांतल्या कितीतरी जणींची शीर शोधायची बोटं माझ्या विद्यार्थिनींपेक्षा सरस असतात. पण अ‍ॅलर्जीने पेशंटचा श्वास अडकला की बोटं पुरत नाहीत, डोक्यात शास्त्र लागतं, आणि ते त्यांना कुणी दिलेलं नसतं.

दुसरा आक्षेप वयाचा. एएनएमला (सहायक नर्स-दाईच्या कोर्सला) आणि जीएनएमला भारतीय नर्सिंग परिषदेच्या नियमात वय १७ ते ३५. एएनएम झालेल्या बाईला पुढे जीएनएमला वयाची अट नाही, म्हणजे मोठ्या वयात माणूस शिकू शकतो हे परिषदेलाही मान्य आहे. बाहेरच्या बाईच्या बाबतीत ते अमान्य का, याचं कारण मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. गंमत अशी की नाइटिंगेलच्या शाळेत उमेदवार शक्यतो २५ ते ३५ वयाची लागायची, अल्लड पोर त्यांना नको होती. आपल्या सरकारनेही २००५ ला आशा नेमायचं ठरवलं तेव्हा वय ठेवलं २५ ते ४५, गावातच राहणारी, लग्न झालेली, विधवा किंवा घटस्फोटित. कारण गावातली बाळंतीण आपलं दुखणं एकोणीस वर्षांच्या पोरीला सांगत नाही. चाळिशीची बाई आरोग्याच्या कामाला चालते, मानधनावर चालते, घरोघर फिरायला चालते. फक्त तिला शिकवून पगाराच्या रजिस्टरवर घ्यायचं म्हटलं की वय आडवं येतं.

आणि ही कल्पना काही इंग्लंडहून आणायला नको. पुण्यात १९०९ ला सेवासदन निघालं. रमाबाई रानडे स्वतः घरोघर जाऊन बायका गोळा करायच्या. त्यांत संसार मोडलेल्या, विधवा, थोराड वयाच्या बायका होत्या. त्यांतल्या काहींना त्यांनी ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा म्हणून ज्या काळात घरदार तोंड फिरवायचं, त्या काळात. त्या बायकांची राहायची सोय आधी बघितली गेली, मग पुस्तकं. शंभर वर्षांपूर्वी ज्या क्रमाने विचार झाला तो आपण उलटा केला. आधी पात्रता विचारतो, फी सांगतो, आणि जेवणाखाणाचं तुझं तू बघ म्हणतो.

परवा-परवाचं उदाहरण द्यायचं तर २०२४ ला आपल्या राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला. नर्स त्यात आल्याच. त्या जर्मनीत नर्स कशी होते? बहुतांश तीन वर्षांच्या पगारी प्रशिक्षणातून, २१०० तास थिअरी आणि २५०० तास प्रत्यक्ष काम. बेरीज करा, तीच ४६००. आपल्या पोरी जिथे जाऊन नोकरी करणार तिथे ही पद्धत चालते, फक्त इथे चालवायची म्हटलं की अशक्य होते. बाविशीत पास झालेली मुलगी दोन वर्षं अनुभव घेऊन आखातात नाहीतर युरोपात जाते, आणि तिने का जाऊ नये? पण जिचं घर, पोरं, म्हातारी सासू सगळं तालुक्यात आहे ती चाळीसची बाई कुठे जात नाही. ४२ व्या वर्षी पास झाली आणि ५८ ला निवृत्त झाली तरी सोळा वर्षं त्याच जिल्ह्यात काम करते. यापेक्षा खात्रीशीर गुंतवणूक आरोग्य खात्याकडे दुसरी कुठली आहे?

मला हवं आहे ते फार मोठं नाही. सिव्हिलला जोडलेल्या नर्सिंग शाळा आहेत, ट्यूटर आहेत, वॉर्ड आहेत. पाच वर्षं नोकरी झालेल्या बारावी पास मावशींना, मामांना आणि आशांना त्यांत वेगळ्या जागा द्या, वयाची अट काढा, कोर्स तीनाऐवजी चार वर्षांचा करा, अभ्यासक्रम आणि परीक्षा तसूभर कमी करू नका. पगार किंवा मानधन चालू ठेवा. १९६१ चा अप्रेंटिस कायदा कारखान्यांना चालतो. नर्सिंगला तो तसाच लागू करून भागणार नाही, कारण नोंदणी मिळायची तर मान्य अभ्यासक्रमच हवा. म्हणून हे काम आरोग्य खात्याने आणि परिषदेने एकत्र बसून करायचं आहे. २०२३ ला संसदेने नर्सिंगसाठी नव्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आहे, तेव्हा नियम नव्याने लिहायला मुहूर्तही चांगला आहे.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसेन. बदली माणसाची तरतूद बजेटमध्ये पहिल्याच दिवशी हवी आणि विद्यार्थिनीच्या तासांत तिचं नाव वॉर्डाच्या ड्यूटी लिस्टमध्ये दिसता कामा नये. ते होणार नसेल तर योजना आणूच नका. नाहीतर दोन वर्षांत तिचा १९८२ होईल. मावशींकडून मावशीचंही काम, नर्सचंही काम आणि मधल्या वेळात अभ्यास. आपलं खातं मी ओळखून आहे.

गेल्या दिवाळीत त्या मावशींकडे फराळाला गेले होते. आता त्यांचं वय ५१. बाळंतीण वॉर्डात असतात, नव्या मुली त्यांना विचारून बाळ गुंडाळतात. चतुर्थ श्रेणीला निवृत्ती साठीला, म्हणजे अजून नऊ वर्षं आहेत, पण शिकायचं आता त्यांच्याच्याने होणार नाही असं त्यांनीच सांगितलं. गुडघे धरलेत. सूनबाई चहा घेऊन आल्या. गावात आशा आहेत, बारावी झालेल्या, वय २९, धाकटा अंगणवाडीत. "सिस्टर, जीएनएमचा फॉर्म भरू का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भर. तीन वर्षं घर कशावर चालेल, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. मावशी तेवढ्या माझ्याकडे बघत होत्या.